पट्टा तुटलेली खडाव

मी, इसे कुरोइवा, कै. जूसाकू कुरोइवा यांची पत्नी, वय बहात्तर (सरकारी कागदावर एकाहत्तर आहे, तो कागद चुकला असावा किंवा मी), धंदा खडावांचे दुकान, राहणार तोक्यो, हे मृत्युपत्र कुणाच्या धाकाने नव्हे तर राजीखुशीने सांगते आहे आणि नोटरी मोरिवाकी ते लिहून घेत आहेत. मी शुद्धीवर आहे असे डॉक्टरांचे म्हणणे. डोक्यात गोंधळ आहे असे माझे. मोरिवाकी म्हणतात, दोन्ही एकदम चालते.

कलम १. दुकान, वरची खोली आणि मागची न्हाणी माझे धाकटे दीर सादाजी यांना द्यावी. खोली पावसात गळते, ते त्याला माहीत आहे.

कलम २. आरी, हातोडी आणि पट्टे ओढायची सळई हीही सादाजीचीच. त्याच्या उजव्या हाताची बोटे मिटत नाहीत, म्हणून तो गेली कितीतरी वर्षे गाडीवर भाजलेली रताळी विकतो आणि रताळ्याला आरी लागत नाही. तरी त्यालाच द्यावी. साऱ्या गल्लीत पट्टा ओवावा तर त्याने, असे एकेकाळी लोक म्हणत.

कलम ३. गल्लीप्रमुख उसुई यांच्या घरचे कुणी माझ्यासाठी उदबत्ती लावायला आले तर चहा द्यावा. गोड देऊ नये.

कलम ४. कपाटात कापूर घातलेली एक पेटी आहे. तीत खडावांची जोडी आहे, त्यातल्या एकीचा पट्टा निळ्या पंच्याच्या चिंधीने बांधलेला आहे. ही जोडी सादाजीची. का, ते सांगते, मोरिवाकी कंटाळले तरी चालेल.

शोवाचे, म्हणजे या सम्राटांच्या राजवटीचे, सातवे वर्ष असेल, नाहीतर आठवे. थंडी होती एवढे नक्की. त्याआधीही एकदा, सम्राट युवराज असताना, कुणी त्यांच्यावर गोळी झाडली होती, तीही फुकट गेली होती. लोक त्या साऱ्याची खिचडी करून सांगतात, कधीकधी मीही करते. मी सांगते ती आमच्या रस्त्यावरची गोष्ट. आदल्या दिवशी उसुई दारोदार फिरले. "वरच्या मजल्याच्या खिडक्या लावा, वाळत घातलेलं काढा. उद्या सम्राटांच्या बग्ग्या जाईपर्यंत डोकं खाली. कुणी काही विचारलं तर म्हणायचं, डोकं खाली होतं, काही पाहिलं नाही."

आम्ही तिघे ओळीत उभे होतो, हे, मी आणि सादाजी. टापा ऐकू आल्या आणि माझ्या पायातल्या खडावेचा पट्टा तुटला. असा पट्टा तुटणे म्हणजे अपशकुन, त्यात मी खडावांच्या दुकानाची मालकीण. सादाजी खाली बसला, स्वतःच्या पंच्याची चिंधी फाडली आणि पट्टा बांधू लागला. तेवढ्यात कुणीतरी बॉम्ब फेकला, धडाका झाला. घोडे बिथरले. बग्गी भलतीच निघाली, सम्राट दुसरीत होते. कोण कुठल्या बग्गीत ते फेकणाऱ्यालाही कळले नाही, आणि कळणार कसे, वर पाहायची कुणाला मुभाच नव्हती.

फेकणारा तिथेच सापडला. मग पोलीस त्याचे साथीदार शोधू लागले. उसुई सादाजीकडे बोट दाखवून म्हणाले, "हा त्याच वेळी खाली बसून काहीतरी काढत होता."

चौकीत सादाजी म्हणाला, "साहेब, वहिनींच्या खडावेचा पट्टा तुटला, तो बांधत होतो. विचारा त्यांना."

साहेबांनी आधी यांना विचारले. हे म्हणाले, "आमच्या दुकानाचा पट्टा तुटत नाही, साहेब."

मग मला. मी म्हणाले, "डोकं खाली होतं. काही पाहिलं नाही."

डोके खाली असले की माणसाला आपले पायच दिसतात. हे माझ्या लक्षात आले घरी भात धुताना. मग मी परत का गेले नाही? पोलिसांना भ्याले, की दुकानाच्या अब्रूला, की यांना, मला खरोखर कळत नाही. चौकीच्या वाटेवरच्या पुलापर्यंत गेले होते असे वाटते. कदाचित जायचे नुसते मनात आले असेल.

चौदा महिन्यांनी सादाजी सुटून आला, ती बोटे घेऊन. दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, भूक लागली आहे." मी वाढले. त्याने कधी काही विचारले नाही. हे गेले, तेव्हाही नाही. दर नव्या वर्षाला रताळी घेऊन येतो. मला त्याची लाज वाटते, आणि तो यायला उशीर झाला तर मी त्याच्यावरच चिडते.

कलम ५. साक्षीदार म्हणून मला सादाजीच हवा होता. मोरिवाकी म्हणाले, "ज्याला मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, बाई." मी म्हटले, मग घर काढून घ्या. मग म्हटले, नको, राहू द्या. हे कलम रद्द समजावे.

कलम ६. काल हा मसुदा मी सादाजीला वाचून दाखवला. कलम ४ मध्ये मी 'उजव्या पायातल्या खडावेचा' असे लिहवले होते. खडावांना डावे-उजवे नसते, तेव्हा पेटी उघडूनही ते कळायचे नाही.

तो म्हणाला, "डावा पाय, वहिनी."

"तुला काय ठाऊक?"

"एका पायावर उभ्या होतात. पडू नये म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवला होतात. धडाका झाला तेव्हा तुमची बोटं रुतली. तुरुंगात बरेच दिवस तिथे दुखायचं." मग म्हणाला, "चहा आहे का?"

म्हणून 'उजव्या' हा शब्द खोडला आहे. या कलमाची एक नक्कल मोरिवाकींनी आजच चौकीत द्यावी, आणि एक उसुईंच्या घरी. मी मरायची वाट पाहू नये. मजकूर असा: त्या दिवशी माझे डोके वर होते की खाली, मला आजही सांगता येत नाही. पण माझा हात सादाजीच्या खांद्यावर होता. त्याच्या दोन्ही हातांत माझी खडाव होती, दुसरे काही नव्हते. हे मी पाहिले.

इसे कुरोइवा (शिक्का)

साक्षीदार : गेन्पाची तोकोरो, न्हाणीघरवाले
साक्षीदार : फुकु नागासे, शिवणकाम
लिहून घेणार : मोरिवाकी, नोटरी
तोक्यो, शोवा ३७ (सन १९६२), १९ नोव्हेंबर
('उजव्या' हा एक शब्द खोडला. शिक्का.)