लाल अक्षरांतली नावे

सौ. फुसाए हिस आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. माझी तब्येत बरी आहे. तांबा प्रांतातले किल्ले चढून गुडघे कुरकुरतात, पण गरम कुंडात बसलो की शांत होतात. तुझा खोकला कसा आहे?

काल एका पडक्या किल्ल्याच्या तटात जुन्या समाध्यांचे दगड पाहिले. किल्ला बांधताना दगड कमी पडले म्हणून उचलून आणले म्हणे. मी हात जोडले, तर सहलीत बरोबर असलेला आपला शेजारी मोरिओ हसला. म्हणाला, "आजोबा, इथं कसले हात जोडता? तुमच्या घरची समाधी पुढच्या आठवड्यात काढतायत. तुमच्या ताकुमानं सांगितलं नाही?"

माझे डोके फिरले. "बाबा, किल्ले बघून या," म्हणत पोराने तिकीट हातात ठेवले ते यासाठी! माझ्या आईच्या अस्थी शहरात कुलपाच्या कपाटात ठेवणार! समाधीभोवतीचे गवत कोण काढणार, म्हणे. मी काय मेलो आहे?

तुला हे ठाऊक नसावे, असे धरून लिहितो. फोन तोच उचलतो, म्हणून पत्र. तू मठाच्या गुरुजींना गाठ. त्यांनी मंत्र म्हणून दगडातला आत्मा काढल्याशिवाय पाथरवट हात लावणार नाही. म्हातारा येईपर्यंत मंत्र म्हणू नका, असे सांग.

त्या दगडावर आपली दोघांची नावे आहेत. जिवंत आहोत म्हणून लाल रंगात. लेकाला ती दिसली नाहीत का?

जेवण टाळू नकोस. रविवारपर्यंत याच लॉजवर आहे. दगड जागेवर आहे, एवढे तरी लगेच कळव.

तुझा,
शिगेजी