कण्यांचं पाणी

बाई, मला तुमचा राग आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तो सांगायला तुमच्या ओळखीचंही कुणी उरलं नाही. बुलढाण्याला आम्हा नर्सपोरींना तुम्ही शिकवायचात. नखं वाढलेली दिसली की बोटांवर पट्टी बसायची. आणि बाळाला हगवण लागली की पोटाला विश्रांती द्यायची, चोवीस तास दूध नाही, पेज नाही, हे तुम्ही आमच्याकडून घोकून घेतलंत. तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पहिली नेमणूक साखरखेर्ड्याजवळच्या एका खेड्यात झाली. गावची विहीर गावकुसाबाहेरच्या दलित वस्तीतल्या बायांना बंद. त्या नाल्यातल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरायच्या, त्याच काठावर गुरं बसायची, तिथेच बाळांची दुपटी धुतली जायची. आई खडी फोडायला गेली की तान्ह्याला आजी कापडाच्या बोळ्यानं दूध पाजणार, आणि बोळा दिवसभर तसाच, माशा बसलेला. मी म्हणायचे, पाणी उकळून प्या. एकजण हसून म्हणाली, भाकरीपुरत्या पऱ्हाट्या मिळत नाहीत, पाणी कशावर उकळू? याचं उत्तर तुमच्या वहीत नव्हतं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्या उन्हाळ्यात एका घरी बोलावणं आलं. सात-आठ महिन्यांची मुलगी, डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली. आजी ज्वारीच्या कण्या शिजवून वरचं पाणी, चिमूटभर मीठ घालून, चमच्यानं पाजत होती. मी तिच्या हातातली वाटी काढून घेतली.

"लेकरू मागून राह्यलं, बाई. काऊन देऊ नको?"

मी तुमचंच वाक्य म्हटलं. शिकलेल्या बाईचं म्हातारीनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी गेले तर मुलीची आई कामावर न जाता दारात बसलेली. आतली झोळी सोडून ठेवलेली दिसली, आणि मी उंबऱ्यावरूनच परत फिरले.

पुढे कितीतरी वर्षांनी मीठ-साखरेच्या पाण्याचं शिबिर झालं. पाजत राहा, थांबू नका, कण्यांचं पाणीही चालतं, असं तिथे सांगितलं. मी उठून बाहेर गेले. तुमच्या पुस्तकातच तसं होतं, तुम्ही तरी काय करणार, हे मला कळतं. विहीर खुली असती तर ती मुलगी कदाचित आजारीच पडली नसती, हेही कळतं. पण कळून राग जात नाही, आणि निम्मा राग माझाच माझ्यावर आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगते. पुढे मीही मुलींना शिकवलं. दर तुकडीला ही हकिकत सांगायचे, पण 'एक नर्स होती' अशी. मुली विचारायच्या, मग तिचं काय झालं? मी सांगायचे, तिला कामावरून काढून टाकलं. बाई, मला त्याच वर्षी नोकरीत कायम केलं होतं.