काडी ओढायची अट

११ नोव्हेंबर

नापास! सदुसष्टाव्या वर्षी, मीच केलेल्या नियमात, मी नापास!

वायव्येचा वारा होता, सुपीरियर तळ्याचं पाणी शिशासारखं काळं, लाटा खांद्यापर्यंत. पहिला फेरा पंचवीस मिनिटांचा. बाहेर आलो, बोर्ड आणि त्यावरचं शीड वाळूवर टाकलं आणि साइमीच्या गाडीमागे रांगेत उभा राहिलो. हातमोजे काढायचे, अंगठा करंगळीला टेकवायचा, डबीतली एक काडी काढून ओढायची. काडी पेटली की दुसऱ्या फेऱ्याला मोकळा. एकोणीस वर्षं ओढतोय. आज अंगठा करंगळीच्या अलीकडेच थांबला. जणू तो दुसऱ्याचाच अंगठा.

"पुढारी, काडी," साइमी म्हणाली.

पहिली वाळूत पडली. दुसरी मोडली. तिसरी चिमटीत आहे की नाही हेच कळेना, बघावं लागलं!

"पुरे," ती म्हणाली. हळू म्हणाली. तिनं ओरडायला हवं होतं. त्या हळू बोलण्याचाच जास्त राग आला.

मग ताउनोनं माझं शीड गुंडाळलं. नापास माणसाचं शीड दुसऱ्यानं गुंडाळायचं, म्हणजे त्याला पुन्हा उलगडायचा मोह होत नाही. हेही मीच घालून दिलेलं. यार्ल बुडाला त्या हिवाळ्यात. त्याच्या हातांनी शिडाची दांडी सोडली आणि आम्ही सगळे किनाऱ्यावर कॉफी पीत होतो. त्याला पुरल्यावर पंधरवड्यात मी सगळ्यांना एकत्र बोलावून तासभर बोललो आणि अट मंजूर करून घेतली. साइमी यार्लची बहीण. डबी तेव्हापासून तिच्याकडे.

गाडीत बसून ताउनोचा दुसरा फेरा बघितला. काचेवर माझाच श्वास!

१२ नोव्हेंबर

बोटं अजून पांढरी. मधलं तर मेणबत्तीसारखं.

१५ नोव्हेंबर

डॉक्टर पोरसवदा. माझ्या बोटांकडे त्यानं एखाद्या दुर्मिळ वस्तूकडे बघावं तसं बघितलं. "खाणीत ड्रिल किती वर्षं चालवलंत?" एकवीस. "मग बरोबर." बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या त्या हादऱ्यांनी खराब झाल्यात म्हणे. थंडी लागली की मिटून घेतात आणि लवकर उघडत नाहीत. औषध? "उबेत राहा." तळं? "तळं उन्हाळ्यात असतंच की."

उन्हाळ्यात तळ्यात पोरं रबरी बदकं घेऊन डुंबतात! वारा मेलेला असतो. आमचं तळं नोव्हेंबरात सुरू होतं आणि डिसेंबरात खाडी गोठली की संपतं. पाच आठवडे. बाकीचं वर्ष मी त्या पाच आठवड्यांची वाट बघत काढतो, हे त्या पोराला कसं सांगणार?

घरी येताना खाणीच्या फाटकासमोर गाडी थांबवली. खाणकामगारांच्या संघटनेत पुढारी म्हणून तीस वर्षं गळा फोडला. पगारासाठी, सुट्टीसाठी, खाली धूर कोंडायचा त्यासाठी. ड्रिलच्या हादऱ्यावर एकदा तरी बोललो का? नाही. माणसं यायची, म्हणायची, "आर्विड, सकाळी शर्टाची बटणं लागत नाहीत." मी म्हणायचो, आधी पगाराचं होऊ दे. पगाराचं झालं. बटणांचं राहिलं.

ही कबुली इथंच. दुसरीकडे कुठं नाही.

१९ नोव्हेंबर

वारा नाही. ऊब कशी धरावी याची शाळा भरवली, विद्यार्थी मीच.

बाजारातले जाड हातमोजे निव्वळ फसवणूक. जाड मोजा म्हणजे दांडी जाड, मग मूठ जास्त आवळावी लागते, मनगट भरून येतं, रक्त बोटांपर्यंत पोचतच नाही. ऊब मिळावी म्हणून घातलेला मोजाच हात मारतो! तळव्याला भोक असलेले मोजेच खरे. तळवा उघडा दांडीवर, बोटांच्या पाठी झाकलेल्या. नवख्यांना हे वेडेपणाचं वाटतं.

बाकीचं सगळं केलं. भांडी घासायचे रबरी मोजे आतून घातले, मनगटाला चिकटपट्टी. थर्मासमधलं कोमट पाणी गळ्यातून रबरी पोशाखात ओतलं. अहाहा, तेवढी दहा मिनिटं राजा! टेकडीवर दोनदा पळत जाऊन आलो. हात खांद्यापासून पवनचक्कीसारखे फिरवले, रक्त झटकून बोटांच्या टोकांना पाठवायचं म्हणून. शेजारीण खिडकीत उभी राहून बघत होती. बघू दे.

मग बादलीत बर्फ घेऊन हात बुडवले, बाहेर काढले, घड्याळ लावलं. पूर्वी चार मिनिटांत बोटं परत यायची. यायची ती रडवत यायची. रक्त परतताना नखांखाली सुया टोचतात, ओकारी येते. पण एकदा ते झालं की दुसऱ्या फेऱ्यात हात भट्टीसारखे! दिवसभर मग थंडीची टाप नाही. सगळा खेळच त्यावर आहे. पहिला फेरा हात मारतो, दुसरा जिवंत करतो.

आज अकरा मिनिटं लागली.

२२ नोव्हेंबर

पुन्हा वारा. पुन्हा रांग. पुन्हा नापास.

या वेळी मी वाद घातला. साइमीला म्हटलं, "मला अकरा मिनिटं दे. बोटं येतात. उशिरा येतात, पण येतात."

"पुढारी, मी डबी धरते. नियम तुम्ही केलेत."

"मग मीच सांगतो, सवड दे."

"ती इंगाची पोरगी मागच्या वर्षी नापास झाली, रडली. तिला दिली होती तुम्ही सवड?"

नव्हती दिली. उलट भाषण दिलं होतं. पोरीनं मान खाली घालून ऐकलं होतं.

ताउनो मध्ये पडला. "अगं, याला जाऊ दे. हा किनाऱ्यावर बसला की बडबड करतो. पाण्यात निदान तोंड बंद असतं!" सगळे हसले. साइमीही. मी नाही हसलो. मला हसण्यावारी नेण्याइतपत मी म्हातारा झालोय, हे मला त्या क्षणी कळलं.

शीड या वेळी इंगाच्या त्याच पोरीनं गुंडाळलं. नीट गुंडाळलं. एकही सुरकुती नाही.

२४ नोव्हेंबर

साइमीचा तिरस्कार वाटतो. लिहून टाकलं. तरी वाटतोच.

२७ नोव्हेंबर

खाडीच्या कडेला पहिला पापुद्रा धरलाय. सकाळी काठीनं टोचला, काचेसारखा तडकला. पंधरा दिवस, फार तर वीस.

ताउनो आला. बायकोनं, लोरेननं, केलेला वेलदोड्याचा पाव घेऊन आला. आम्ही दोघं एकाच पाळीत ड्रिल चालवायचो, एकाच वर्षी बोर्डावर उभं राहायला शिकलो, पडताना शिव्याही एकाच भाषेत देतो. म्हणाला, "तू गप्प का? तू गप्प बसलास की लोरेनला वाटतं कुणीतरी गेलंय."

मी म्हटलं, "नियम मोडायचाय मला."

"मोड की. केलास कसा? बोलून. मोड बोलून."

"तुला पटेल?"

"आर्विड, मला काय पटतं हे तू मला कधी विचारलंस? तू बोलतोस, मग मला पटतं." आणि पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

रविवारी सभागृहाच्या तळघरात सगळ्यांना बोलावलंय.

३० नोव्हेंबर

जिंकलो.

अकरा जण. घडीच्या खुर्च्या, कॉफीची टाकी, भिंतीवर जुन्या संपाचे फोटो. त्यातल्या दोन फोटोंत मीच आहे, तोंड उघडं. त्या फोटोंखालीच उभा राहिलो. मुद्दाम.

मी तळ्यावर बोललो नाही. खाणीवर बोललो. कंपनीचा डॉक्टर दर सहा महिन्यांनी रांग लावायचा ते सांगितलं. हात पुढे करा, मूठ मिटा, उघडा. ज्याची मूठ नीट मिटली नाही तो दुसऱ्या दिवशी घरी. वीस वर्षं ज्या हातांनी लोखंड उपसलं, त्या हातांचा निकाल दुसऱ्याच्या हाती! "आणि आज आपण स्वतःच रांग लावतो. स्वतःच्या मर्जीनं! या देहाचा मालक कोण? मला थंडी किती वाजते हे माझ्याखेरीज कोण सांगणार? किनाऱ्यावर उबदार कोट घालून उभं राहणारं माणूस?"

साइमी समोरच्या रांगेत होती. उबदार कोट घालूनच.

कंपनीचा डॉक्टर कंपनीला वाचवायला हात बघायचा. साइमी आम्हाला वाचवायला बघते. हा फरक मला बोलतानाच ठाऊक होता. पहिल्या वाक्यापासून ठाऊक होता. एकानंही उठून तो सांगितला नाही, कारण तीस वर्षं मी या लोकांना मला अडवायचं नसतं हेच शिकवलंय. तुलना खोटी होती. टाळ्या खऱ्या होत्या.

सात विरुद्ध चार. यापुढे ज्याचा हात, त्याचा निर्णय.

साइमी उठली. म्हणाली, "यार्लच्या वेळीही असंच सुरेख बोलला होतात." एवढंच. मग खुर्च्या मिटायला लागली. एकेक खुर्ची मिटून भिंतीला लावली, आमच्यातल्या कुणालाही हात लावू दिला नाही.

ताउनोनं सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या.

१ डिसेंबर

जिंकल्यावर पूर्वी झोप लागायची.

४ डिसेंबर

परवा वायव्येचा जोरदार वारा सांगितलाय. मागून थंडी. खाडी त्यानंतर बहुतेक मिटेल. म्हणजे हाच एक दिवस. मोज्यांची चिकटपट्टी, थर्मास, लोकरीची बंडी काढून ठेवली. लग्नाच्या आदल्या दिवशीसारखं सगळं दोनदा तपासलं. या वयात!

६ डिसेंबर

आले! हात परत आले!

हे गाडीत बसून लिहितोय, पोशाख अजून अंगावर, वही ओली होतेय, होऊ दे. पहिला फेरा वीस मिनिटं. काय वारा! शीड खांद्यातून उपटून नेईल असा. बर्फाचे बारीक खडे तोंडावर तडतड. बाहेर आलो, बोटं गेलेली, पार गेलेली. साइमी गाडीमागे उभी होती. डबी हातात. कुणी बोलावलं नव्हतं, तरी उभी. कुणी तिच्याकडे गेलं नाही. इंगाची पोरगी जरा घुटमळली, मग तीही नाही गेली. मी साइमीकडे पाठ केली आणि हात काखेत घालून टेकडीच्या आडोशाला उभा राहिलो. अकरा मिनिटं नाही, चौदा. मग सुया. देवा, काय सुया! मी ओरडलो, गुडघ्यावर बसलो, वाळूत ओकलो. आणि मग ऊब. मनगटापासून टोकापर्यंत लाल, धगधगती ऊब. अंगठा करंगळीला टेकला! दहादा टेकवून बघितला. आज काडी दिली असती तर पहिल्या झटक्यात पेटवली असती.

दुसरा फेरा. तो मला लिहिता येणार नाही. पन्नास मिनिटं! मी खरं बोललो होतो. तळघरात खोटी वाटलेली गोष्ट पाण्यावर खरी निघाली. माझा हात, माझा निर्णय.

ताउनो माझ्या आडोशाला थांबला नाही. पहिल्या फेऱ्यानंतर पाण्यातच उभा राहून दोन घोट कॉफी घेतली, कप दोन्ही तळव्यांत धरून. लगेच निघाला. मी म्हटलं, "अरे, हात येऊ दे आधी." म्हणाला, "आता कोण विचारतंय? तूच तर मोकळं राज्य आणलंस!" आणि हसत गेला. त्याचं पिवळं शीड अजून बाहेर आहे, टोकाच्या खडकापाशी दिसतंय. पठ्ठ्या परत यायचं नाव घेत नाही! साइमी किनाऱ्यावर आहेच. मी पुढे होतो, घरी सॉनाची, वाफेच्या खोलीची, भट्टी पेटवतो. तो येईपर्यंत दगड तापलेले हवेत.

कित्येक वर्षांत असा दिवस नाही आला.

७ डिसेंबर

ताउनो गेला. काल साइमीनं पोलिसांना बोलावलं, बोट आली, सव्वा तासानं सापडला. बोर्डाचा पट्टा घोट्याला होता. दांडी हातात नव्हती.

सकाळी लोरेनचा फोन आला. रडली नाही. दोष दिला नाही. एवढंच विचारलं, "आर्विड, काल त्याचा हात कुणी बघितला होता?"