दाढ चिकटवल्याची हकीकत

श्रीयुत मेहुणे यांस,

भाऊजींचा मनापासून नमस्कार. तुमची कंबर एव्हाना सरळ झाली असेल आणि वहिनींनी तुम्हाला पथ्यावर नीट जखडून ठेवलं असेल, असं धरून चालतो. माझी तब्येत ठणठणीत आहे. एक दाढ सोडली तर तक्रारीला जागा नाही.

दाढेचं असं झालं. एका बाईंचा प्रबंध बांधणीला आला होता, उशीएवढा जाड. शिवताना कात्री सापडेना (मी तिच्यावरच बसलो होतो), म्हणून दोरा दातांनी तोडायला गेलो. दोरा शाबूत राहिला आणि दाढेचा तुकडा टणकन खळीच्या भांड्यात पडला. सगळी खळ गाळून तो शोधला. आता मला सांगा, ज्याचं उभं आयुष्य चिकटवण्यावर गेलं, त्याने स्वतःची दाढ दुसऱ्याकडून चिकटवून घ्यायची? पुठ्ठ्याला कातडं लावायचा जालीम गोंद घेतला, आरसा घेतला आणि तुकडा बसवला. तो बसलाही पक्का, फक्त दाढेऐवजी गालाला. तोंड उघडता येईना. नेमकं तेव्हाच एक गिऱ्हाईक आलं आणि सुनेची गाऱ्हाणी सांगत बसलं. मी नुसता मान हलवत होतो. जाताना डोळे पुसत म्हणालं, इतकं शांतपणे आजवर कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

गाल भोपळ्यासारखा सुजल्यावर मुकाट्याने दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयाने आपल्या मुलीसारख्या, पण रागावल्या आईसारख्या. तो तुकडा त्यांनी गालावरून सोडवला तेव्हा मला पूर्वज आठवले. मग म्हणाल्या, दाढ आतून किडलीय, शेजारचीही त्याच वाटेवर आहे. कीड साफ केली, आणि पुढच्या खेपेला दाढेवर टोपी बसवली. ती ज्या सिमेंटने चिकटवली त्याची चौकशी मी केलीच (व्यवसायबंधू म्हणून). त्यांनी सांगितलं, यातून फ्लोराइड थोडं थोडं पाझरत राहतं, त्याने दात टणक होतो, कीड लवकर धरत नाही, शेजारच्या दातालाही जरा आधार मिळतो. पण भरवसा नुसता यावर ठेवायचा नाही. दोन वेळा फ्लोराइडच्या पेस्टने दात घासायचे आणि गोड बंद.

मी म्हटलं, धरूनही ठेवायचं आणि सांभाळायचंही, असं माणूस होतं माझ्या घरी. त्यांनी दिवा उगीचच इकडचा तिकडे केला. मग विचारलं, "काका, गोड काय खाता?" मी म्हटलं, चहासुद्धा बिनसाखरेचा. "मग दिवसभर गालात काय धरून ठेवता?"

मेहुणे, तुम्ही तुमच्या ताईच्या खोकल्यासाठी गोळ्यांचे डबे पाठवायचात ना, त्यातला शेवटचा ती गेल्यावर पोचला. तो पोचल्याचं तुम्हाला कळवलं नाही. परत पाठवणं जमेना, टाकून देणं तर त्याहून नाही. एक गोळी गालात ठेवून काम करायची सवय लागली. त्या वासाने असं वाटायचं की ती आतल्या खोलीत आहे, आत्ता खोकेल आणि हाक मारील, अहो, जेवायला चला. डबा संपला, तेव्हा त्याच गोळ्या बाजारातून आणू लागलो. हे सगळं मी परक्या पोरीपुढे, अर्धं तोंड बधिर असताना बोललो. लाळ गळत होती, आणि डोळ्यांचंही तेच चाललं होतं.

त्यांनी कापूस दिला. म्हणाल्या, "काका, गोळ्या फोडून वाटीत ठेवा. वास घ्यायला दात लागत नाहीत." तसंच करतो. आता दाढ शांत आहे. दुकानही चालू आहे. काळजी नसावी. वहिनींना नमस्कार.

तुमचे,
भाऊजी

ता. क. पोरांना यातलं काही सांगू नका. फोनवरून दात घासायला लावतील.

ता. क. दुसरा. नुसत्या दाढेसाठी एवढी शाई खर्च केली नसती. तुमच्या ताईचं कपड्यांचं कपाट अजून तसंच बंद आहे. किल्ली हातात घेऊन दोनदा उभा राहिलो आणि परत फिरलो. कंबर बरी असेल तर या. नसेल तरी या, तुम्ही खुर्चीवर बसून राहा. उघडतो मी.