लेकीला सोडायला मीच जाणार

४ मार्च, सकाळ
लेक आली. तीन वर्षांनी, आठवड्याच्या रजेवर, एकटीच. जावयांना म्हणे काम आहे. आणायला मीच गेलो. येताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडी मरगळली. असू द्या बाबा, तेवढाच गप्पांना वेळ, असं लेक म्हणाली. मी इंजिनचा आवाज ऐकत होतो.
संकल्प : अकरा तारखेला तिला विमानतळावर याच गाडीतून सोडायचं.

दुपार
गाडीतला दोष सांगणारा घरचा स्कॅनर लावला. सायलेन्सरवर धुराचं तापमान मोजणारे दोन सेन्सर असतात, त्यातला पुढचा खराब म्हणतो. गॅरेजवाला म्हणाला, काका, दोन्ही बदलू, इंजिनही उतरवून बघू. लुटारू! मी सासऱ्यांचं कानाचं मशीन उघडून जोडलेला माणूस आहे. त्यानंतर सासरे कुणाशी वाद घालत नसत.

५ मार्च
साधी युक्ती. पुढचा सेन्सर मागे, मागचा पुढे. दोष सेन्सरबरोबर सरकला तर सेन्सर वाईट, नाही सरकला तर वायरिंग. नट हटून बसले होते, बोटं सोलली. प्लगची मात्र अदलाबदल होऊ दिली नाही. वायरी ताणल्या, पण ज्याचा प्लग त्यालाच लावला. कामात शिस्त हवी. स्कॅनर म्हणतो, पुन्हा पुढचाच. दोष जागचा हलला नाही. म्हणजे वायरिंग! गॅरेजवाल्याला कळवावं का? नको, बिचारा खजील होईल.

६ मार्च
गाडीखाली पडून वायरिंग सोलतोय. लेक चहा घेऊन आली, गाडीशेजारी फरशीवरच बसली. बाबा, एक सांगायचं होतं, म्हणाली. जावयांचं नाव काढलं. मी म्हटलं, टॉर्च जरा डावीकडे घे.  टॉर्च छान धरते.

८ मार्च
वायर धडधाकट निघाली. तशी मला शंका होतीच. लेकीने विचारलं, सेन्सर हलवले पण प्लग तेच ठेवलेत, मग स्कॅनरच्या दृष्टीने बदललं काय? मी म्हटलं, तू जेवून घे.
रात्री हिने ऐकवलं, पोर आल्यापासून तुमच्या पायांशी बोलतेय, तोंड कधी दाखवणार? यांत्रिक विषयात भावना आणायची हिला जुनी खोड आहे.

१० मार्च
आज अचानक सुचलं, पूर्ण माझ्या डोक्यातून : प्लग! प्लग तेच राहिले म्हणून दोष हलला नाही, सेन्सरच खराब. नवा मागवला. उद्या संध्याकाळी येणार. विमान सकाळचं.
लेक म्हणाली, टॅक्सी बोलावते, तुम्ही शेजारी बसा, वाटेत बोलू. मी म्हटलं, दारात गाडी असताना बाप भाड्याच्या गाडीत बसत नसतो. पार्सल कधीकधी लवकरही येतं.

११ मार्च, सकाळ
टॅक्सी गेली. मी गाडीखालीच होतो, जागा साफ करून ठेवत होतो. निघते बाबा, म्हणाली. हात तेलाचे होते, म्हणून बाहेर आलो नाही.

संध्याकाळ
पार्सल आलं. चहा निवायच्या आत सेन्सर बसवला. दिवा गेला. गाडी अशी पळतेय की विचारू नका. हिला सांगायला आत गेलो.
ही लेकीच्या खोलीत चादरीची घडी घालत होती. वर न बघता म्हणाली, वर्ष झालं जावई घर सोडून गेल्याला. मला आधी सांगितलं, बाबांना मीच सांगेन म्हणाली होती. सांगितलं ना तुम्हाला?
मी म्हटलं, हो. सगळं सांगितलं.