शार्दूलशी काडीमोड

२ सप्टेंबर २००७, रविवार. दुपारी १.४०

शार्दूल मोटर्सशी माझा संबंध आज संपला. वेळ मुद्दाम लिहून ठेवतोय.

मीरा रोडच्या त्यांच्या शोरूममध्ये जुन्या ग्राहकांचा सत्कार होता. घरी पत्र आलेलं. एकोणीस वर्षं शार्दूलच चालवतोय, एक सोडून दोन गाड्या. उर्मिला येते म्हणत होती. तिला म्हटलं, तिथे इंजिनाच्या गोष्टी निघणार, तू काय करणार?

स्टेजवर पाच जणांना शाल-श्रीफळ. माझं नाव नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या काशीनाथला मात्र भिंतीवरचं घड्याळ! त्याची गाडी आठ महिन्यांची. रिव्हर्स टाकताना अजून बायकोला खाली उतरवतो. (सुरुवातीची दहा मिनिटं मी बाहेर होतो. डिस्प्लेच्या गाडीत हवा चार पौंड कमी होती, ते वॉचमनला दाखवत होतो. तेवढ्यात काही हुकलं असेल असं वाटत नाही.)

मॅनेजर निकेत, जेमतेम तिशीचा. त्याला विचारलं, हरिश्चंद्र तोडणकर हे नाव ऐकलंय? त्याने कॉम्प्युटर बघितला. म्हणाला, सॉरी अंकल, या नावाचं आमच्याकडे कोणीच नाही.

कोणीच नाही! बघतो.

३ सप्टेंबर

ठराव. शार्दूल विकायची. त्यांच्या कट्टर दुश्मनाची, म्हणजे किमोरा कंपनीची गाडी घ्यायची. ती रोज त्यांच्या दारावरून न्यायची. निकेत काचेआडून बघेल आणि झुरेल. एवढं झालं की मी शांत.

९ सप्टेंबर, रविवार

किमोरा क्रॉस पाहिली. छोटी गाडी नाही, जीपही नाही, दोन्हीच्या मधली. खड्ड्यांसाठी उंच, पार्किंगसाठी आखूड. आपल्या भागातल्या रस्त्याला हेच हवं.

ब्रोशरमध्ये जमिनीपासून उंची १९८ मिलिमीटर. माझी स्टीलपट्टी १९१ दाखवते. शार्दूलने असं केलं असतं तर मी तीन पानी पत्र लिहिलं असतं. पण नवीन नात्यात माणसाने थोडं सोडून द्यावं.

१६ सप्टेंबर, रविवार

जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये दिली. किमोराची सेल्सवाली मिनल डेमोची गाडी घेऊन घरी आलेली, अटी वाचून दाखवत होती, जुनी गाडी, नवी गाडी, बोनस वगैरे. मी तेव्हा खाली वाकून दुसऱ्या बाजूने उंची मोजत होतो. हो हो म्हटलं. (१९१च.) कागदांवर सह्या उर्मिलेच्या लागल्या. ती जुनी भानगड आहे, इथे लिहायची गरज नाही. तिने सगळ्या एकदमच केल्या. पीठ मळता मळता उठली होती, दोन कागदांना कणीक लागली.

शार्दूल गेटबाहेर गेली. मी वळून पाहिलं नाही. फक्त तिसऱ्या गिअरचा आवाज ऐकला. ड्रायव्हर चुकीचा टाकत होता.

२१ ऑक्टोबर, दसरा

डिलिव्हरी. हार, नारळ, चाकाखाली लिंबं. उर्मिलेने बॉनेटवर स्वस्तिक काढलं, थोडं तिरकं आलं. सांगितल्यावर म्हणाली, मग तुम्हीच काढा की, पट्टी आहेच खिशात.

२२ ऑक्टोबर. सकाळी ९.१०

पहिला हल्ला. शोरूमसमोरून गेलो, तीन हॉर्न. ऑफिसला जायला ४.३ किलोमीटर जास्त पडतात. सुडाला पेट्रोल लागतंच.

२३, २४, २५ ऑक्टोबर

तेच. निकेतचा चेहरा आज उतरलेला वाटला.

२६ ऑक्टोबर

वॉचमन धावत आला. काच खाली घ्यायला लावली. म्हणाला, अंकल, चार दिन से देख रहा हूँ, हॉर्न अटक जाता है क्या? अंदर ले लो, अपना मेकॅनिक फ्री में देख लेगा.

काच वर घेतली. हेतू त्यांच्यापर्यंत पोहोचायला अजून थोडा वेळ लागेल.

४ नोव्हेंबर, रविवार

शार्दूलमधून फोन. उर्मिलेला! निकेत स्वतः. म्हणाला, मॅडम, सत्काराच्या दिवशी तुमचं नाव पहिलं पुकारलं, तीनदा पुकारलं, तुम्ही आला नाहीत. एकोणीस वर्षं म्हणजे तुम्ही आमच्या सगळ्यात जुन्या ग्राहक. गाडीला आजन्म फ्री सर्व्हिस मिळालीय, प्रमाणपत्र घेऊन जा.

आता लिहायलाच हवं. अठ्ठ्याऐंशी साली जोशीबुवांनी पत्रिका पाहून सांगितलं होतं, वाहन तुमच्या नावावर नको, शनी आहे. म्हणून दोन्ही गाड्या उर्मिलेच्या नावावर. पेट्रोल माझं, पाना माझा, जॅकखाली पाठ माझी. पुकारा तिचा.

उर्मिलेने फोन ठेवला. मग म्हणाली, मी येते म्हणाले होते.

११ नोव्हेंबर, रविवार

प्रमाणपत्र घ्यायला गेलो. आतली जागा शार्दूलच्या गाड्यांनी भरलेली, म्हणून गाडी रस्त्यावर लावली. शाल तिच्या खांद्यावर, तिची पर्स माझ्या हातात. फोटोग्राफर म्हणाला, अंकल, जरा साइडला. निकेत म्हणाला, आता गाडीबरोबर एक होऊन जाऊ दे, गाडी कुठाय मॅडम?

उर्मिलेने माझ्याकडे बोट दाखवलं. यांना विचारा.

१८ नोव्हेंबर, रविवार

मिनलकडून पत्ता काढला. गाडी पालीच्या कोळीवाड्यात, महिपत नावाच्या कोळ्याकडे. आम्ही दोघं गेलो. मागची सीट काढून त्याने मासळीचे क्रेट भरलेत. परत दे म्हटलं. तो म्हणाला, न्हाय देनार, गाडी लई झ्याक हाय. मग उर्मिलेकडे वळून म्हणाला, वहिनी, तुमी जपलीव चांगली, कागदावर नाव वाचलंय मी तुमचं.

उर्मिलेने ते प्रमाणपत्र त्यालाच देऊन टाकलं. म्हणाली, सर्व्हिस गाडीची आहे, माणसांची नाही. त्याने दोन पापलेटं दिली. तिला.

असो. शनीची साडेसाती कधीच संपलीय. नवी गाडी माझ्या नावावर आहे. इतिहास आता नव्याने सुरू. एकोणीस वर्षांनी, २०२६ साली, किमोरावाले मलाच पुकारतील. तेव्हा मी एकाहत्तरचा असेन. तब्येत सांभाळायला हवी.

२४ नोव्हेंबर

आरसी बुक आलं. मालकाचं नाव: उर्मिला हरिश्चंद्र तोडणकर.

मिनलला फोन केला. ती म्हणाली, सर, एक्स्चेंज बोनस हवा असेल तर नवी गाडी जुन्याच मालकाच्या नावावर, हे मी वाचून दाखवलं होतं. तुम्ही खालून हो हो म्हणालात.

२६ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१५

गाडी आपली आहे तर चालवायलाही यायला हवी, म्हणून उर्मिलेने ड्रायव्हिंग क्लास लावलाय. आज पहिला दिवस. मी शिकवतो म्हटलं, तर म्हणाली, तुम्ही मागे बसा. बसलो. क्लासवाल्याने आरशातून पाहिलं आणि तिला विचारलं, मॅडम, हे कोण?

ती क्लच दाबत म्हणाली, घरचेच आहेत.