दाराकडे पाहणारी

दि. ३ जून

चि. चिमीस, मोठ्या काकाचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. माझं शिक्षण तुला ठाऊक आहे, एक पत्र म्हणजे परीक्षाच. तुझा खोकला गेला का? थंड पाणी पितेस, सांगून ऐकत नाहीस.

प्रदर्शन तोंडावर आलं आणि तुझ्या बाबांच्या उरलेल्या एका चित्राची फ्रेम का अडली, असं विचारतेस. नेहमीसारखं गुंडाळून त्याने ते माझ्या फ्रेमच्या दुकानात पाठवलं. माप घ्यायला कागद सोडला, तर आत तुझी काकू. तिच्या शेवटच्या दुपारची. तीच उशी, तीच निळी चादर. डोळे टक्क उघडे, दाराकडे.

त्या दुपारी त्याला तिच्याजवळ बसवून मी खाली दुकानात काच कापायला गेलो होतो. वर आलो तेव्हा सगळं संपलं होतं. झोपेतच गेली, तिला काही कळलंसुद्धा नाही, असं त्याने माझा हात धरून सांगितलं. त्या एका वाक्यावर मी आजवर तग धरली. चिमे, जिन्यातून नुसती हाक मारायची होती गं. सख्ख्या भावाने गळा कापला माझा.

तुझा,
मोठा काका

दि. ९ जून

ती. मोठ्या काकांस, चिमीचा शि. सा. नमस्कार.

खोकला बरा आहे. पाणी कोमट पिते, तुमची शपथ.

तुमचं पत्र वाचून बाबांशी भांडले. आधी म्हणाले, ते चित्र आहे, फोटो नाही. मग बराच वेळ ब्रश धूत राहिले. शेवटी म्हणाले, तिने अचानक डोळे उघडले; दादाला बोलवायला उठलो असतो तर तो चेहरा हातचा गेला असता. मी ताटावरून उठले. काका, मला त्यांची लाज वाटते. ते चित्र जाळून टाका. प्रदर्शनाचं मी बघून घेईन.

तुमची,
चिमी

दि. १६ जून

चि. चिमीस, अ. आ.

जाळा म्हणे! वेडी की काय? आधी नीट बघ तरी. तिचा चेहरा सुजला होता, तो त्याने लपवला नाही, तरी ती तीच आहे. माझं काही चुकलं की एकच भुवई उचलायची, तीसुद्धा आहे. फोटोंत ती मला परकी बाई वाटते. जन्मभर त्याची चित्रं मीच फ्रेममध्ये बसवली, पण असं एकही नव्हतं. त्याने साधी फ्रेम मागितली होती, मी शिसवीची केली. सोबत पाठवतो. लोकांना बघू दे. प्रदर्शन संपलं की इकडे आण, पण तूच आण. त्याने माझ्या मयतालाही या उंबऱ्याच्या आत यायचं नाही.

एक काम मात्र कर. काच बसवताना दिसलं, तिचे ओठ किंचित उघडे आहेत. त्याची जीभ खोटं बोलते, हात नाही. म्हणजे ती काहीतरी म्हणत होती. चित्रासमोर उभं करून त्याला विचार, काय म्हणत होती. जे असेल ते, मी ऐकेन. उलट टपाली कळव गं, दुकान उघडं ठेवून पोस्टमनची वाट बघत बसतो.

तुझा,
मोठा काका